औषध थेट मोठ्या आतड्यापर्यंत: सांगलीत केलेल्या एम.फार्म. प्रोजेक्टचा अनुभव

ऑगस्ट २०२४ मध्ये माझी व्हायवा झाली आणि एम.फार्म., म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर पदवी, एकदाचं संपलं. विषय होता मोठ्या आतड्याच्या सुजेवर औषध नेमकं तिथेच सोडणारे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण. तिसऱ्या सेमिस्टरला असा विषय घेऊन बसलेल्यांना पॉलिमरपेक्षा 'आता पुढे काय आणि कुणाकडे जायचं' याचीच जास्त धास्ती असते. मलाही होती. आमचं कॉलेज सांगलीतलं, मोठी उपकरणं कोल्हापुरात, उंदीर पुण्याहून येणार आणि स्लाइड मिरजेला वाचल्या जाणार. हे सगळं कोणत्या क्रमानं होतं ते आधी कळलं असतं तर बऱ्याच रात्री शांत झोप लागली असती, म्हणून सविस्तर लिहितेय.

विषय ठरला जून २०२३ मध्ये. माझ्या मावशीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार. आजार उसळला की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होतं. रक्त पडायचं थांबतं, पण चेहरा सुजतो, साखर वाढते, झोप उडते. सूज आतड्याच्या शेवटच्या हातभर भागात आणि औषध मात्र अंगभर. गाईड मॅडमना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग बुडेसोनाइडवर वाच." हेही स्टेरॉइडच, पण रक्तात शोषलं गेलेलं सुमारे ९० टक्के औषध यकृत पहिल्या फेरीतच मोडून टाकतं, त्यामुळे बाकी शरीराला त्रास कमी. अडचण अशी की साधी गोळी दिली तर ते वरच्या लहान आतड्यातच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून त्याच्यावर आम्लात न विरघळणारं आवरण लागतं. युड्राजिट एस १०० हे पॉलिमर पीएच ७ च्या वर विरघळतं, एल १०० हे ६ च्या वर (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). पोटात पीएच १ ते ३, लहान आतड्याच्या शेवटाला तो सातच्या पुढे जातो, तिथे आवरण सुटतं. अशा गोळ्या बाजारात आहेत. बुडेसोनाइडच्या अशाच एका गोळीला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. मग नॅनोकण कशाला, असं सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा मांडण्याच्या, वेळी मलाही विचारलं गेलं. जुलाब सुरू असताना गोळी आतड्यातून लवकर पुढे निघून जाते, तर बारीक कण सुजलेल्या भागातल्या चिकट स्रावात आणि फाटलेल्या अस्तरात अडकून राहतात. २००१ साली जर्मनीतल्या संशोधकांनी कोलायटिस झालेल्या उंदरांमध्ये हे मोजलं होतं. ०.१ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुमारे साडेचौदा टक्के कण सुजलेल्या भागाला चिकटले, १० मायक्रॉनचे जेमतेम पाच टक्के. सिनॉप्सिसमध्ये 'का' चं उत्तर असं एका आकड्यात देता आलं तर पुढची चर्चा सोपी जाते.

सांगलीत राहून सुजेवरच्या औषधाचा विषय घेतला की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: हळद का नाही? मार्केट यार्डात अडत असलेल्या काकांनी विचारलं, घरमालकीणबाईंनी विचारलं, प्राचार्यांनीही विचारलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. मी त्यावर नीट वाचलं. हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, हे एक वेळ सांभाळता येतं. पण पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), शरीराच्या तापमानाला, ते अर्ध्या तासात ९० टक्क्यांच्या आसपास मोडतं. प्रथिनं सोबत असली तर जास्त टिकतं, तरीही ज्या पीएचला माझं आवरण उघडणार त्याच पीएचला आतलं औषध तुटायला लागणार. मला ही जोडी पटली नाही. हळदीवर काम करायचं असेल तर जरूर करा, पण आवरण दुसऱ्या तत्त्वावर उघडणारं निवडा.

सिनॉप्सिस ऑगस्टमध्ये मंजूर झाला आणि सप्टेंबरपासून पत्रं सुरू झाली. बुडेसोनाइड विकत घेणं विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नाही, कंपन्यांकडून गिफ्ट सॅम्पल मागायचं. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांची सही, गाईडची सही, प्रोजेक्टचं नाव, हवी असलेली मात्रा ग्रॅममध्ये आणि 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' हे वाक्य. एका कंपनीवर विसंबू नका, चार-पाच ठिकाणी एकदमच पाठवा. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच येत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पॉलिमरचं सॅम्पल दसऱ्याआधी आलं, औषध दिवाळी उलटल्यावर. सोबत ॲनालिसिस सर्टिफिकेट आलंय का ते त्याच दिवशी पाहा, थीसिसला ते जोडावं लागतं. बाकीची केमिकल्स कॉलेजमार्फत: तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, मग परचेस ऑर्डर. यात महिना सहज जातो. डायलिसिस मेंब्रेनचं (कणांतून सुटणारं औषध मोजताना लागणाऱ्या पातळ पडद्याचं) कोटेशन पहिल्याच यादीत घाला, तेच सगळ्यात उशिरा येतं.

हे चालू असतानाच प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी काढायची होती. माझी सगळ्यात मोठी भीती हीच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची एक समिती आहे, पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए. उंदरांसारख्या लहान प्राण्यांवरच्या कामाला कॉलेजचीच नैतिकता समिती परवानगी देते, पण त्या समितीत केंद्राने नेमलेला प्रतिनिधी असतो आणि तो आल्याशिवाय बैठक होत नाही. अर्ज फॉर्म बी वर करायचा. मी तो ऑक्टोबरमध्ये भरून दिला. बैठक डिसेंबरात ठरली, पुढे ढकलली गेली आणि जानेवारी २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात झाली. मधल्या काळात फॉर्म्युलेशन, म्हणजे कण बनवायचं काम, सुरू ठेवा, नुसती वाट पाहत बसू नका.

फॉर्म बी मध्ये अडायला होतं ते तीन रकान्यांपाशी. प्राणी इतकेच का, दुसरा मार्ग का नाही आणि वेदना झाली तर काय करणार. 'आधीच्या पेपरमध्ये सहा घेतले होते' हे उत्तर चालत नाही. संख्येचा हिशेब संख्याशास्त्राच्या सरांकडून करून घ्या आणि त्याचा कागद जोडा. माझे पाच गट होते, प्रत्येकात सहा उंदीर: निरोगी, आजार दिलेला, साधं बुडेसोनाइड, रिकामे नॅनोकण आणि औषध भरलेले नॅनोकण. रिकाम्या कणांचा गट खर्च वाचवण्यासाठी गाळू नका, कारण तो नसेल तर फरक औषधाने पडला की पॉलिमरने, हे सांगता येत नाही.

बैठकीत समाजाचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, "बाळ, यातला एखादा फारच अत्यवस्थ झाला, तर तू दिवस पूर्ण व्हायची वाट बघणार का?" मी प्रोटोकॉलमध्ये लिहिलंच होतं: वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं किंवा उंदीर हालचाल करेनासा झाला, तर त्याला त्याच दिवशी वेदनारहित मरण द्यायचं. ते वाचून दाखवताना मात्र माझा आवाज कापत होता. असा प्रश्न विचारणारं कुणीतरी त्या खोलीत असतं, हे मला फार बरं वाटलं.

दुसरा प्रश्न बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या शास्त्रज्ञांचा. "उंदराच्या आतड्यात पीएच सातपर्यंत जातो का हो?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. २००८ साली लंडनच्या संशोधकांनी उंदरांच्या आतड्याचा पीएच मोजून प्रसिद्ध केला आहे: माणसापेक्षा कमी, ६.६ च्या आतच. म्हणजे निव्वळ एस १०० चं आवरण माणसात उघडेल, पण उंदरात न उघडताच बाहेर पडेल आणि आपण म्हणणार औषध लागू पडलं नाही! पीएचला प्रतिसाद देणाऱ्या कणांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न पहिल्या दिवशीच स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं. शिवाय कोलायटिसच्या रुग्णातही सुजलेल्या आतड्याचा पीएच खाली येऊ शकतो, तेव्हा हा मुद्दा फक्त उंदरापुरता राहत नाही.

समितीने सशर्त मंजुरी दिली आणि सुधारित प्रोटोकॉल मागितला. फेब्रुवारीत दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रयोगातल्या निरोगी गटाचे उंदीर संपवायचे होते. त्यांच्या आतड्याचे तुकडे आम्हाला मिळाले, त्यासाठी एकही जादा प्राणी लागला नाही. बारीक इलेक्ट्रोडने मोजलं तर खालच्या लहान आतड्यात आणि सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) वाचन सहा ते साडेसहाच्या मध्ये येत होतं. मग एल आणि एस या दोन्ही युड्राजिटचं मिश्रण घेतलं, ज्यात एल चा वाटा जास्त, म्हणजे आवरण सहाच्या थोडं वर सुटायला लागेल. हे सगळं कारणांसकट लिहून दिलं आणि मार्चच्या सुरुवातीला क्रमांक असलेलं अंतिम मंजुरीपत्र हातात आलं. त्या पत्राच्या तारखेआधी तुमच्या नावावर एकही उंदीर आलेला नसावा, हे कटाक्षाने पाळा.

आता कणांबद्दल. पद्धत नॅनोप्रेसिपिटेशन, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही. औषध आणि पॉलिमर ॲसिटोन-इथेनॉलमध्ये विरघळवायचं आणि सिरिंजने थेंब थेंब पीव्हीएच्या (कणांना एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या) पाण्यात सोडायचं, खाली मॅग्नेटिक स्टरर. पीव्हीए थंड पाण्यात टाकलं की गोळे होतात. ते गरम पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार झाल्यावर वापरा. बॅच जमली की पहिल्या काही थेंबांतच कळतं. पाणी पांढरंफटक होत नाही, त्याला निळसर झाक येते आणि मोबाइलचा टॉर्च बीकरच्या कडेला धरला की प्रकाशाचा पट्टा आरपार दिसतो. चुना कालवलेल्या पाण्यासारखं गढूळ दिसलं आणि तळाला काही बसलं, तर तो गठ्ठा आहे. मला ती निळी झाक पहिल्यांदा दिसली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते, लॅब असिस्टंट किल्ल्या घेऊन दारात उभे होते. त्यांनाही बोलावून दाखवलं.

सॉल्व्हंट उडून जायला स्टरर रात्रभर चालू लागतो. आमच्याकडे रात्री वीज जायची आणि बॅच हातची जायची. शेवटी ऑफिसात पडून असलेला छोटा यूपीएस अर्ज देऊन मागून घेतला. कॉलेजात अशा वस्तू असतात, फक्त लेखी मागाव्या लागतात.

कणांचा आकार, झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभाराचं माप) आणि सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रं यासाठी कोल्हापूर गाठलं. शिवाजी विद्यापीठात सामायिक उपकरण केंद्र आहे, बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. देशभरात कुठे कोणतं यंत्र आहे ते आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. गाईडच्या सहीचा फॉर्म, कॉलेजचं ओळखपत्र आणि पैसे भरल्याची पावती असं सगळं एकत्र न्या. नंबर लागायला दोन-तीन आठवडे धरून चाला, मार्चअखेर तर सगळा महाराष्ट्र एकदमच नमुने घेऊन येतो की काय असं वाटतं. सांगली-कोल्हापूर एसटीचा दीड-दोन तासांचा प्रवास, मांडीवर थर्माकोलचा डबा, आत जेल पॅक. नमुना गोठू देऊ नका, गोठला की कण एकमेकांना चिकटतात.

बाटलीच्या लेबलवर ठळक लिहा: 'फक्त डिस्टिल्ड वॉटरने पातळ करणे, बफर वापरू नये.' तंत्रज्ञाने सवयीप्रमाणे ७.४ चा फॉस्फेट बफर घातला तर आपले कण त्यातच विरघळून जातात आणि यंत्रावर भलतंच काही दिसतं. माझा आकार दोनशे नॅनोमीटरच्या आत आला, पीडीआय (आकार किती एकसारखे ते सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) ०.३ च्या खाली आणि झीटा ऋण, जसा या पॉलिमरच्या कार्बोक्सिल गटांमुळे यायला हवा. रिपोर्टची प्रिंट हातात पडल्यावर बसस्टँडवर उभ्या उभ्या मॅडमना फोन केला.

ड्रग रिलीजच्या, म्हणजे कणांतून औषध किती सुटतं ते मोजण्याच्या, वेळी तीन गोष्टी. बुडेसोनाइड पाण्यात फारच कमी विरघळतं, त्यामुळे बफरमध्ये थोडं ट्वीन ८० (विरघळायला मदत करणारा पदार्थ) घातल्याशिवाय सिंक कंडिशन, म्हणजे सुटलेलं औषध सहज विरघळायला पुरेशी जागा, राहत नाही आणि कण औषध सोडतच नाहीत असा गैरसमज होतो. एचपीएलसीवर (औषध वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर) दोन शिखरं दिसली तर घाबरू नका, औषधाचे दोन एपिमर, म्हणजे रचनेत किंचित फरक असलेली दोन रूपं, असतात, दोघांचं क्षेत्रफळ मिळवायचं. आणि पीएच १.२ ला दोन तास, मग ६.८, मग ७.४ हा नेहमीचा क्रम ठेवाच, पण मधे ६.० आणि ६.४ लाही वेगळी रीडिंग घ्या. 'प्रतिसाद देणारे' हा शब्द शीर्षकात लिहिला की तो प्रतिसाद नेमका कुठे सुरू होतो ते दाखवायची जबाबदारी आपली असते. माझ्या थीसिसमधला सगळ्यात उपयोगी आलेख तोच ठरला.

उंदीर एप्रिलमध्ये आले. पुण्याच्या नोंदणीकृत पुरवठादाराकडून गाडी येते, तेव्हा त्याच आठवड्यात ज्यांना प्राणी हवेत त्यांच्यासोबत ऑर्डर द्या, गाडीभाडं वाटलं जातं. आल्यावर आठवडाभर त्यांना नुसतं रुळू द्यायचं. सांगलीचा एप्रिल म्हणजे चाळीसच्या घरात ऊन आणि ॲनिमल हाऊस २२ अंशांच्या आसपास ठेवायचं. जनरेटरचं डिझेल आहे ना, हे मी रोज विचारत होते.

ॲनिमल हाऊसचे मामा गेली कित्येक वर्षं हेच काम करतात. त्यांच्याकडून शिकले तेवढं कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. पहिल्या दिवशी म्हणाले, "गडबड करू नगं पोरी. आधी हाताचा वास घेऊ दे त्यास्नी, मग उचल." त्या आठवड्यात मी रोज सकाळी जाऊन प्रत्येकाला फक्त हातात घेत होते. पुढे तोंडावाटे औषध देताना त्याचा फार उपयोग झाला, त्यांची धडपड कमी झाली. सुकवलेले कण देण्याआधी पाण्यात मिसळताना पाण्याचा पीएच पाचच्या आसपास ठेवा, नाहीतर आवरण बाटलीतच सुटेल.

कोलायटिस ॲसेटिक ॲसिडने दिला. डीएसएस किंवा टीएनबीएस या रसायनांचे मॉडेल माणसाच्या आजाराला जास्त जवळचे, पण आमच्या बजेटबाहेरचे. भूल देऊन, कॅथेटरने. तो दिवस मला जड गेला. पुढचे दिवस रोज वजन, विष्ठा, रक्त यांची नोंद. आजार दिलेल्या गटातला एक उंदीर खरंच ठरवलेल्या मर्यादेपलीकडे खंगला. मॅडमना आणि पशुवैद्यांना बोलावलं, त्यांनी पाहिलं आणि त्याला त्याच संध्याकाळी वेदनारहित मरण दिलं. गटात पाच राहिले, तसंच थीसिसमध्ये लिहिलं. आकडा पूर्ण दिसावा म्हणून असं काही झाकू नका. फॉर्म डी मध्ये प्रत्येक प्राण्याची नोंद त्याच दिवशी करा.

शेवटी कोलन काढून धुवायचा, लांबी मोजायची, वजन करायचं आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा. स्लाइड मिरजेच्या पॅथॉलॉजिस्टकडे दिल्या. बाटल्यांवर गटाचं नाव न लिहिता फक्त संकेतांक लिहिला, म्हणजे वाचणाऱ्याला कोणता गट ते कळत नाही. त्यांनी खूप वेळ दिला, प्रत्येक स्लाइड समोर बसवून दाखवली. आजार दिलेल्या गटात अस्तर गळून गेलेलं, पेशींची गर्दी. औषध भरलेल्या नॅनोकणांच्या गटात क्रिप्ट (अस्तरातल्या नळीसारख्या ग्रंथी) बऱ्याच ठिकाणी जागेवर. साध्या औषधाच्या गटाशी तुलना केली तर वजनात फरक सांख्यिकीदृष्ट्या ठरला नाही, स्लाइडच्या गुणांकनात ठरला. दोन्ही तसेच मांडले.

खर्च सगळा मिळून तीस-पस्तीस हजारांच्या घरात गेला, त्यातला निम्मा प्राणी आणि तपासण्यांवर. जीपॅट ही एम.फार्म. प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा पास झालेल्यांना शिष्यवृत्ती म्हणून महिना १२,४०० रुपये मिळतात, त्यांना हे पेलतं. मला नव्हते, मी संध्याकाळी मेडिकल स्टोअरमध्ये काम करत होते. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांनी गाईडशी आधीच मोकळेपणाने बोलावं, बऱ्याचदा दोन विद्यार्थ्यांत निरोगी गट सामायिक ठेवायची परवानगी समिती देते आणि प्राणीही वाचतात.

थीसिस जून-जुलैत लिहिला. इतरांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत हवं. पद्धतीचा भाग आपल्या वहीतून, आपल्या शब्दांत लिहिला तर ते आपोआप बसतं. जुलैअखेर कृष्णेचं पाणी चढायला लागलं, तेव्हा बाइंडिंग पूर होण्याआधी उरकून घेतलं.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "ॲसेटिक ॲसिडची जखम तर आपोआप भरते, मग औषधाने भरली कशावरून?" सगळे गट एकाच दिवशी संपवले होते आणि आजार दिलेला गट त्याच दिवशी न भरलेला होता, हे तक्त्यात दाखवलं. दीर्घकालीन आजारात हे कण चालतील का, हे या मॉडेलवरून सांगता येत नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पीएच ६.४ च्या आलेखाकडे वळले, पुढची वीस मिनिटं त्यावरच बोलले.

त्यानंतर उरतो नो ड्यूजचा, म्हणजे कॉलेजचं काही देणं उरलेलं नाही याचा, कागद. लायब्ररी आणि स्टोअरची सही लगेच मिळते. ॲनिमल हाऊसची मिळायला फॉर्म डी पूर्ण भरलेला, पिवळ्या पिशवीतून गेलेल्या जैववैद्यकीय कचऱ्याची पावती आणि समितीला दिलेला अंतिम अहवाल असे तीनही कागद लागतात. पावती प्रयोगाच्या दिवशीच मागून घ्या, तीन महिन्यांनी शोधायला फार वेळ जातो.